व्याह्यांचा पाहुणचार, तेहतीस अनारसे आणि कोथरूडची एक घरगुती जेवणसेवा

आमच्या मुलीचे लग्न 2023 च्या फेब्रुवारीत झाले आणि त्याच वर्षी श्रावण अधिक आला. 18 जुलै ते 16 ऑगस्ट असा तो महिना होता. लग्नानंतरचा पहिलाच अधिक मास, त्यामुळे जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावणे आणि तेहतीस अनारशांचे वाण देणे ओघानेच आले. परंतु या वेळी त्यांच्यासोबत नागपूरहून त्यांचे आईवडील, आजी, आत्या आणि धाकटा भाऊ अशी पाच माणसे शनिवार-रविवार मुक्कामाला येणार होती. मुलगी आणि जावई बाणेरला लहानशा सदनिकेत राहतात, म्हणून मुक्काम आमच्याकडे ठरला. 12 ऑगस्टच्या शनिवारी एकादशी असल्यामुळे 5 आणि 6 ऑगस्ट हे दिवस पक्के झाले. तोवरच्या आमच्या साऱ्या भेटी साखरपुड्यातल्या आणि मांडवातल्या होत्या, विहीणबाई माझ्या स्वयंपाकघरात प्रथमच येणार होत्या, आणि नेमका त्याच पंधरवड्यात माझा उजवा गुडघा सुजला होता. नऊ माणसांचा दोन दिवसांचा स्वयंपाक मला झेपणारा नव्हता, म्हणून कोथरूडमधील एका घरगुती जेवणसेवेकडे मी काम सोपवले. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. पुढे काही दोष सांगायचे असल्यामुळे तिचे नाव देत नाही.

ही सेवा एक बाई आपल्या राहत्या घराच्या तळमजल्यावरून चालवतात. त्यांच्या हाताखाली तीन स्त्रिया काम करतात. लहान व्यावसायिकालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि यांचा नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला होता, ही मला पहिली जमेची बाजू वाटली. ऑर्डर चार दिवस आधी द्यावी लागते. जेवण प्लास्टिकच्या डब्यांतून न येता स्टीलच्या मोठ्या डब्यांतून येते आणि त्यासाठी 1000 रुपये अनामत ठेवावी लागते. हवे असल्यास त्यांच्याकडील एक स्वयंपाकीण मदतनीस घेऊन घरी येते आणि आपल्या शिधासामग्रीत, आपल्याच ओट्यावर स्वयंपाक करून देते. मी शनिवारची दोन्ही जेवणे आणि अनारसे त्यांच्याकडून मागवले, तर रविवारच्या पुरणपोळीच्या स्वयंपाकासाठी स्वयंपाकीणबाईंना घरी बोलावले. माझ्या नणंदेला हे मुळीच रुचले नव्हते. नव्या व्याह्यांना पहिल्याच मुक्कामात बाहेरचे जेवण वाढणार का, असे तिने फोनवर दोनदा विचारले. स्वतः चार दिवस आधी येऊन हातभार लावण्याची तयारी मात्र तिने दाखवली नाही.

शनिवारी सकाळी मंडळी रात्रभराचा रेल्वेप्रवास करून पोहोचली. त्यांना पोहे मी केले. दुपारचे जेवण सव्वाबाराला यायचे होते, ते एक वाजून दहा मिनिटांनी आले. घरचीच माणसे असती तर एवढ्या उशिराचे काही वाटले नसते. पण एरवी बाराच्या ठोक्याला जेवणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी पाटावर नजर ठेवून बसल्या असताना, आणि व्याहीबुवांशी बोलण्यासारखे नागपूरचे ऊन, पुण्याची वाहतूक आणि दोन्हीकडचा पाऊस हे तिन्ही विषय संपलेले असताना, तो जवळजवळ एक तास फार लांबला. उशिराचे कारण विचारल्यावर रिक्षा मिळाली नाही असे सांगण्यात आले. शनिवारी भर पावसात कोथरूडमध्ये रिक्षा मिळत नाही, हे ज्याने जेवण पोहोचवण्याचे पैसे घेतले आहेत त्याने सकाळीच गृहीत धरायला हवे होते.

जेवण स्वतंत्रपणे पाहिले तर उत्तम होते. मसालेभाताचा दाणा मोकळा होता, अळूच्या पातळ भाजीत शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ नेमकी शिजलेली होती, कोशिंबीर ताजी होती आणि पोळ्या तास उलटल्यावरही मऊ होत्या. अडचण निराळीच होती. आमटीत गूळ, अळूत चिंचेबरोबर गूळ, भरल्या वांग्यांत गूळ आणि सगळ्यावर गोड्या मसाल्याचा एकच वास. आम्हाला हे जाणवतसुद्धा नाही, कारण आम्ही याच चवीवर वाढलो. पण ज्यांच्या घरी वर्षाचे तिखट भिवापुरी मिरचीचे कुटले जाते, त्यांना चार वाट्यांतून चार वेळा गोडच खाल्ल्यासारखे वाटले असणार. कोणी चकार शब्द काढला नाही. व्याहीबुवांनी आमटी दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा तिच्यात लिंबू पिळले. अखेर आजींनीच, त्या वयात मिळणाऱ्या सवलतीने, तिखट काही आहे का असे विचारले, आणि आत्याबाईंनी आपल्या पिशवीतून मिरचीच्या ठेच्याची बाटली काढली. ती त्यांनी बरोबर आणली होती, यावरून पुण्याच्या जेवणाची त्यांना पुरेशी पूर्वकल्पना असावी.

याच पंगतीत विहीणबाई म्हणाल्या, "वरून थोडा सांबार असता तर वांग्याला आणखी चव आली असती." मी गोंधळले. वांग्याच्या भाजीवर सांबार कशाला ओतायचे, असा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर उमटला असावा, कारण जावयांनी लगेच खुलासा केला की नागपूरकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. मग मी कोथिंबिरीची जुडी चिरून आणली आणि जेवण थोडे सैलावले. या सेवेच्या ऑर्डरच्या अर्जात माणसे किती, कांदा-लसूण चालतो का आणि मधुमेही कोणी आहे का, असे तीन प्रश्न आहेत. पाहुणे कुठले, हा चौथा प्रश्न त्यांनी घालावा, असे मी नंतर संचालिकाबाईंना सुचवले. अर्थात नागपूरचे पाहुणे असे मी कळवले असते, तर त्यांनी सावजी रस्सा पाठवला असता की काय, अशीही शंका येते. नागपूर म्हटले की पुण्यात बहुतेकांना तेवढेच आठवते, आणि आमचे व्याही तर पूर्ण शाकाहारी आहेत. रात्रीची मुगाची खिचडी, कढी आणि पापड यांबद्दल तक्रार नाही. ते वेळेवर आले आणि सगळ्यांनी पोटभर खाल्ले.

आता अनारशांविषयी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. ही तूट साठत जाऊन साधारण 32 महिन्यांनी अधिक महिना येतो, आणि तीन वर्षांचे 33 दिवस म्हणून वाणही तेहतीसचे, असा हिशोब आमच्याकडे सांगितला जातो. हिशोब कसाही असो, अनारसे बत्तीस चालत नाहीत आणि चौतीसही चालत नाहीत. ते घरी करणे हे आठवडाभराचे काम असते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचे, मग ते निथळून कापडावर सावलीत इतपतच वाळवायचे की हाताला ओलसरपणा लागला पाहिजे. त्यानंतर कुटून, चाळून, किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा बांधायचा आणि तो चार-पाच दिवस मुरू द्यायचा. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओले राहिले तर तुपात सोडताच अनारसा हसतो, म्हणजे पसरून विरघळून जातो, आणि पावसाळी हवेत तर त्याला हसायला निमित्तच लागत नाही. सेवेकडून आलेल्या अनारशांत एकही हसलेला नव्हता. खसखशीची बाजू सोनेरी, जाळी अशी की उजेडाकडे धरले तर पलीकडचे दिसावे, आणि तूप व्यवस्थित निथळलेले. माझ्या सासूबाईंच्या हातच्या अनारशांनंतर इतके चांगले अनारसे मी खाल्ले नव्हते.

पण ते निघाले एकोणतीस. ही सेवा अनारसे किलोवर विकते. "पाऊण किलोत तेहतीस बसतात," असे मला फोनवर सांगितले होते आणि मी ते मान्य केले होते, ही माझीही चूक. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मी ते ताटात मोजले, पुन्हा मोजले, मग यजमानांना उठवून त्यांच्याकडून मोजून घेतले. रविवारी सकाळी सात वाजता फोन केला, तेव्हा बाईंनी वजनाचा वाद घातला नाही, बिल पाहून सांगते असेही म्हटले नाही. तासाभरात त्यांचा मुलगा स्कूटरवरून दहा अनारसे घेऊन आला आणि त्यांचे पैसे त्यांनी लावले नाहीत. या सेवेकडे मी पुन्हा जाईन, याचे मुख्य कारण हे दहा अनारसे आहेत. तरीही अधिक महिन्यात वाणाचा पदार्थ विकणाऱ्याने तो वजनावर विकू नये. त्या महिन्यात गिऱ्हाइकाला किती किलो नव्हे, तर किती नग हवेत हे ठरलेले असते.

रविवारचा स्वयंपाक हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग ठरला. आलेल्या स्वयंपाकीणबाई मूळच्या सांगलीकडच्या. साडेआठला आल्या, ओटा पुसून घेतला, डाळ शिजत घातली आणि पुरणयंत्र कुठे आहे एवढेच विचारले. माझी पंचाईत वेगळीच होती. आदल्या दिवशीचे जेवण घरी झालेले नाही, हे मोठाल्या डब्यांवरून सर्वांना कळलेच होते, पण आता परकी बाई पोळ्या लाटणार आणि मी खुर्चीवर बसून बघणार, हे विहीणबाईंना कसे दिसेल याची मला धास्ती होती. त्या आत आल्या, माझ्या गुडघ्याकडे एकदा पाहिले आणि पदर खोचून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. पुढचा दीड तास त्या दोघींचाच होता. स्वयंपाकीणबाई तांदळाच्या पिठीवर पातळ, मोठी, हलक्या हाताची पोळी लाटत होत्या. विहीणबाईंच्या मते त्या पोळीत पुरण होते की नाही हे शोधावे लागले असते. त्यांच्या घरी कणकेच्या दुप्पट पुरण भरतात, पोळी जाड आणि आकाराने लहान ठेवतात आणि वाटीभर तुपात बुडवून खातात. बाईंनी वाद न घालता आजींसाठी चार पोळ्या त्या पद्धतीने करून दिल्या, आणि कटाच्या आमटीतून काही भाग वेगळा काढून त्यावर लाल तिखटाची फोडणी दिली. अर्जातला जो प्रश्न राहून गेला होता, तो ओट्यापाशी दहा मिनिटांत सुटला. आजींनी जाड पोळ्या दोन खाल्ल्या. त्यानंतर मुलीने आणि जावयांनी पाटावर बसून वाण घेतले. तांब्याच्या ताम्हनात तेहतीस अनारसे आणि वर तेवता दिवा होता, आणि उरलेले सहा मुलीच्या धाकट्या दिरांनी तिथल्या तिथे संपवले.

खर्चाचे सांगायचे तर शनिवारचे दुपारचे जेवण ताटामागे 260 रुपयांप्रमाणे नऊ ताटांचे 2340, रात्रीचे 140 प्रमाणे 1260, घरी येऊन केलेल्या स्वयंपाकाचे मदतनिसासह 1800, अनारसे 525 आणि पोहोचवण्याचे दोन फेऱ्यांचे 300, असे एकूण 6225 रुपये झाले. रविवारचा शिधा आमचा होता, तो यात धरलेला नाही. घरगुती चव, स्वच्छता आणि स्टीलचे डबे पाहता हा दर मला वाजवी वाटतो. मात्र शनिवारी झालेल्या उशिराबद्दल पोहोचवण्याच्या एका फेरीचे पैसे कमी करायला हवे होते, आणि ते मागण्याचे माझ्याकडून राहून गेले. ज्यांच्या घरी पाहुणे निराळ्या चवीचे आहेत, त्यांनी आयते जेवण मागवण्यापेक्षा स्वयंपाकीणबाईंना दोन्ही दिवस घरी बोलवावे. ओट्याजवळ उभे राहून सांगता येते, आणि फोनवरच्या अर्जात ते मावत नाही. मी पुन्हा तशी वेळ आली तर हेच करीन.

अनामतीचा एक मुद्दा राहिला. रविवारी संध्याकाळी मंडळी निघाली, तेव्हा आजींसाठी उरलेल्या पुरणपोळ्या मी घाईत समोर दिसला त्या डब्यात भरून दिल्या आणि तो डबा सेवेचा निघाला. सोमवारी त्यांनी डबे मोजून 1000 पैकी 850 रुपये परत केले, त्याबद्दल माझी काहीच हरकत नव्हती. दिवाळसणाला जावयांसोबत तो डबा नागपूरहून चिवड्याने भरून परत आला. चिवडा काढून, डबा घासून मी तो कोथरूडला नेऊन दिला. तीन महिने होऊन गेले होते, तरी बाईंनी वहीत पाहून माझे 150 रुपये दिले.