कारामजा की फॉसिल आयलंड?

इंदूरला रामबागेतली आमची भाचरं सध्या ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळतात आणि त्यातल्या या दोन बेटांपैकी कुठं जावं, हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात. माझं मन कारामजाकडे झुकतं.

तिथं जायला पात्रता लागत नाही. पोर्ट सरीम या बंदराच्या धक्क्यावर 30 नाणी द्यायची, जहाज कारामजावरच्या मुसा पॉइंटला उतरवतं. फुकट खेळणाऱ्यालाही हा कोपरा मोकळा आहे. कनवटीला पैसे नसतील तर बागेत 10 केळी पेटीत भरून द्यावीत, 30 नाणी मिळतात. परतीचं भाडं सुटलं! धक्क्यावर शेवंडी पकडता येतात. बँक मात्र जवळ नाही, हे खटकतं. पुढे पैसे भरून सदस्यत्व घेतलं, की ज्वालामुखीच्या पोटातली त्झहार नावाच्या प्राण्यांची वस्ती खुली होते. तिथल्या लढाईच्या 63 लाटा आहेत आणि शेवटच्या लाटेत जॅड हा बलाढ्य शत्रू समोर येतो. त्याला हरवून मिळणारा अग्निवस्त्राचा झगा अंगावर चढतो, तेव्हाचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

फॉसिल आयलंड 2017 मध्ये आलं, तेही फक्त सदस्यांसाठी. आधी व्हॅरॉक शहराच्या संग्रहालयात 100 कुडोस, म्हणजे तिथले गुण, जमवा, मग बोन व्हॉयेज ही मोहीम पूर्ण करा. एवढी खटपट नवख्याला जड जाते. पण परीक्षा तोंडावर असलेल्या भाचीला मी हेच बेट सुचवीन : पक्षी पकडणारी चार पक्षीघरं लावायची आणि पुस्तक उघडायचं, ती भरायला साधारण 50 मिनिटं लागतात. शिकारीची पातळी आपसूक वाढते. बँकही बेटावरच्या छावणीतच आहे.