उद्यमबागेतल्या कारखान्याने काय घ्यावं: इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं काम की विमानाच्या फेरबदलाचं?

बेळगावजवळच्या हत्तरगीच्या एसईझेडमधून (विशेष आर्थिक क्षेत्रातून) एअरबसला भाग जातात. ते बघून बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींतले अनेक मालक संरक्षण क्षेत्राच्या जॉबवर्कची चौकशी करत असतात. धातू कोरणारी दोन-चार व्हीएमसी मशीन, मापं तपासणारं एक बरं सीएमएम मशीन आणि पंप-व्हॉल्व्हच्या कामात मुरलेली माणसं, एवढी शिदोरी मी गृहीत धरतो. समोर दोन वाटा आहेत: विमानावर बसणाऱ्या, उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचे भाग, किंवा साध्या विमानाचं टेहळणीचं विमान करताना लागणारे भाग. पहिलं ऐकूनच डोकं गरगरतं आणि दुसरं आपल्या हातातलं वाटतं. माझा कौल मात्र पहिल्याला आहे.

माणूस, जमीन, उभी गाडी अशा साधारण 300 केल्विन तापमानाच्या वस्तू 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक उष्णताकिरण सोडतात. जेट इंजिनाच्या किंवा क्षेपणास्त्राच्या धगीसाठी 3 ते 5 मायक्रॉनचा पट्टा कामाचा. मधल्या 5 ते 8 मध्ये हवेतली वाफच बहुतेक किरण गिळून टाकते. म्हणून कॅमेऱ्यांच्या मुख्य जाती दोन, मध्यम तरंगाच्या आणि लांब तरंगाच्या. (चोर्ला घाटातलं पावसाळी दाट धुकं दोघांनाही अडवतं, माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो.) दूरचं टिपणाऱ्या कॅमेऱ्यातला इंडियम अँटिमोनाइडचा किंवा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, बहुधा उणे 196 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात, त्यासाठी आत स्टर्लिंग कूलर नावाचं छोटं शीतयंत्र चालू असतं. असं थंड न करता चालणारा डिटेक्टर, मायक्रोबोलोमीटर, हलका आणि स्वस्त, पण त्याचा पल्ला कमी.

डिटेक्टरचं काम आपलं नाही, हे उघड आहे. भिंगांच्याही नादी लागू नये. साध्या काचेतून हे तरंग जात नाहीत, म्हणून जर्मेनियम वापरतात आणि ते हिऱ्याच्या टूलने, तापमान न हलणाऱ्या खोलीत टर्न करतात. त्यातच चीनने ऑगस्ट 2023 पासून जर्मेनियमच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. कच्च्या मालाचीच जिथे ओढाताण, तिथे नवख्याने कर्ज काढून मशीन आणू नये.

मग उरतं कॅमेऱ्याचं घर. ॲल्युमिनियमचा गोल, आतल्या गिंबलच्या (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणाऱ्या चौकटीच्या) कड्या, बेअरिंगच्या बैठका, सीलच्या खाचा. विमान थरथरत असताना चित्र स्थिर ठेवायचं असतं, त्यामुळे बैठक जराशी वाकडी गेली तरी ते दूरच्या चित्रात दिसतं. आत दव धरू नये म्हणून कोरडा नायट्रोजन भरतात, तेव्हा गळती चालत नाही. हे सगळं वाचून कुणाला व्हॉल्व्ह बॉडी आठवली असेल तर बरोबरच आहे. बैठक आणि सील म्हणजे काय हे उद्यमबागेतल्या फोरमनला शिकवायला नको. शिवाय असे कॅमेरे हेलिकॉप्टरवर, ड्रोनवर, रणगाड्यावर, जहाजावर सगळीकडे लागतात, म्हणून एकदा पास झालेला भाग पुन्हा मागवला जाण्याची शक्यता बरी असते. रचना डेहराडूनच्या आयआरडीईसारख्या संरक्षण प्रयोगशाळेत होते. उत्पादन करणाऱ्यांत बीईएल या सरकारी कंपनीचं मछलीपट्टणमचं युनिट आहे.

आता फेरबदल. दिसायला हे पत्र्याचं आणि रिव्हेटचं काम. पण ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं की भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, आणि केबिनमधल्या दाबामुळे विमानाचा पत्रा प्रत्येक उड्डाणाला ताणला जातो, सैल होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या खिडकीभोवती चौकट, जाड डबलर (मजबुतीचा जोडपत्रा), त्यांची आकडेमोड आणि वर्षानुवर्षांची तपासणी आली. आत उपकरणांचे रॅक बसवायचे तर मोठ्या विमानात, विमान आपटताना पुढच्या दिशेने 9 जी, म्हणजे वजनाच्या नऊपट भार सोसतील असे लागतात. रंगसुद्धा सुटत नाही: अमेरिकेच्या आरसी-135एस या टेहळणी विमानांचा उजवा पंख काळा रंगवत, नाहीतर पंखावरून परतलेला उजेड कॅमेऱ्यात शिरायचा.

बाहेर काही बसवलं की त्याभोवतीची हवाच बदलते. आपल्याकडे ॲव्हरो विमानावर रडारची तबकडी बसवून प्रयोग चालले होते. 11 जानेवारी 1999 रोजी ते विमान अरक्कोणमजवळ कोसळलं, आठ जण गेले आणि प्रकल्प थांबला. पुढे नेत्रा हे पाठीवर रडार असलेलं टेहळणीचं विमान आलं तेव्हा विमानाच्या सांगाड्यातले बदल ब्राझीलमध्ये एम्ब्राएरनेच केले आणि आतली यंत्रणा बंगळूरच्या कॅब्स या संरक्षण प्रयोगशाळेने. नौदलाची पी-8आय ही टेहळणीची विमानं तर बोइंगकडून तयारच आली. सांगाड्याची मूळ आकडेमोड ज्याच्याकडे, तो कळीचं काम सहसा बाहेर देत नाही. छोट्या कारखान्याला मिळतात ब्रॅकेट, रॅकच्या पट्ट्या, कन्सोलचे सांगाडे.

आणि बॅच? एम्ब्राएरवरची नेत्रा तीन, पी-8आय बारा. तीन विमानांसाठी फिक्स्चर बनवायचं, प्रोग्रॅम लिहायचा, पहिल्या नगाची संपूर्ण तपासणी करायची आणि मग काम संपलं. दर नगामागे चांगला मिळेलही, पण मशीन वर्षभर त्यावर चालणार नाही. मोठ्या ग्राहकाच्या नियमित कामाच्या जोडीला हे घ्यावं. ज्यांची फॅब्रिकेशन शॉप आहे आणि एअरोस्पेसची ऑर्डर आधीपासून हातात आहे, त्यांना ही वाट शोभेल.

कागदाचा भार दोन्हीकडे आहे. एएस9100 हे विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक, धातू कुठल्या वितळणीतून आला इथपर्यंतचं मटेरियलचं प्रमाणपत्र, लष्करी विमानासाठी मान्यता देणारी बंगळूरची सेमिलॅक आणि तपासणीला डीजीएक्यूए हे संरक्षण खात्याचं कार्यालय. आपल्याकडे त्यात आणखी एक गाठ आहे. खानापूरचा ऑपरेटर मराठी वाचतो, गोकाकचा कन्नड आणि नोंदी तपासणारा इंग्रजी. कामाच्या सूचना मशीनवर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावा. ऑडिटर ऑपरेटरलाच विचारतो, मालकाला नव्हे.

मुलगा नुकताच इंजिनिअर झाला असेल तर हिशेब थोडा वेगळा. मेकॅनिकलवाल्याला फेरबदलाचं स्ट्रेस आणि डिझाइनचं काम खूप शिकवून जातं, पण त्यासाठी बंगळूर गाठावं लागेल. इलेक्ट्रॉनिक्स किंवा फिजिक्सवाल्याने सरळ इन्फ्रारेडकडे जावं.

कारखान्यासाठी कोटेशन देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: मटेरियल कोण देणार, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं) कुठल्या मान्यताप्राप्त ठिकाणी करायचं आणि वर्षाला नग किती. हत्तरगीत अशा पृष्ठप्रक्रियेची सोय आहे, ती बाहेरच्या कामाला मिळते का हे आधी विचारा. नाहीतर प्रत्येक हाउसिंग बंगळूरला पाठवून परत आणण्यातच नफा जाईल.