पॅकिंगच्या लाकडाचा डेक: सोलापूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

होळीच्या आधी मागच्या अंगणात लाकडी डेक, म्हणजे जमिनीपासून थोडा वर फळ्यांचा ओटा, बांधून घेतला. आता दिवाळीही होऊन गेली. मधल्या काळात घरी आलेल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "सागवान का हो?" सागवान नाही. पाइन आहे, तेही पॅकिंगचं. एमआयडीसीत मशिनरी ज्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून येते, त्या मोडून निघालेल्या फळ्या. माप १२ बाय १० फूट. लोखंडी सांगाडा, लाकूड, रंधा, तेल, दिवे, मजुरी असं सगळं धरून ३५,००० च्या आत काम झालं. याच मापाला डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचं) कोटेशन जवळपास दुप्पट होतं, आणि सागाचा घनफुटाचा भाव ऐकून मी वखारीत चहा पिऊन परत आलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात पैसे थोडे असतील तर लाकडावर वाचवा. कडा, फटी आणि पायरी यांच्यावर वाचवू नका. लाकडाची जात ओळखणारे फार थोडे. वाकडी ओळ मात्र सगळ्यांना खटकते, भले काय खटकतंय ते सांगता येऊ नये.

पण त्याआधी जमीन. आमच्या प्लॉटमध्ये काळी माती आहे. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की बोट आत जातं, आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस लागला की तीच माती फुगून वर येते. तिच्यावर नुसत्या विटा ठेवून डेक टेकवला तर वर्षभरात एक कोपरा वर, एक खाली. म्हणून प्रत्येक पायाखाली दोन फूट काळी माती काढून मुरूम धुम्मसाने ठोकून भरला आणि वर काँक्रीटचा छोटा ठोकळा टाकला. वेल्डिंगवाल्याने पायांना खाली जाड आटेवाला रॉड आणि दोन नट दिले होते. त्या नटांचे प्रत्येक पायाला जास्तीचे काही रुपये गेले, पण ऑक्टोबरात पेरूच्या बाजूचा पाय पाव इंच उचलला गेला तेव्हा पान्याने नट फिरवून लेव्हल परत आणली. फळ्यांना हातही लावावा लागला नाही. काळ्या मातीवर बांधणार असाल तर बाकी काही केलं नाही तरी चालेल, हे करा.

सांगाडा दोन बाय एक इंची चौकोनी पाइपचा. फॅब्रिकेशनवाले रेड ऑक्साइड मारून मोकळे होतात. त्यावर मी काळा मॅट रंग मारून घेतला, आणि हा सगळ्यात स्वस्तातला डाव निघाला. फळ्यांच्या फटींतून खाली तांबडं लोखंड दिसलं की काम अर्धवट वाटतं. खाली काळं असलं की फटी नुसत्या गडद रेषा होतात आणि फळ्या उठून दिसतात. पाइपवर वरून डांबरी पट्टी चिकटवली आहे, म्हणजे लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये पाणी साचून गंज धरणार नाही. लाकूड मातीला कुठेही टेकत नाही. आमच्याकडे वाळवी अशी आहे की मातीला टेकलेली फळी पावसाळा संपायच्या आत पोकळ.

लाकूड घेताना शिक्का बघा. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकिंगच्या लाकडावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का असतो. त्यात इंग्रजीत एचटी असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं असतं. फळीच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं, असा नियम आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. शिक्काच नसलेल्या किंवा तेलकट डाग पडलेल्या फळ्या भंगारवाला स्वस्त लावतो, पण त्यांच्यात पूर्वी काय सांडलं होतं ते त्यालाही ठाऊक नसतं. खिळे सगळे उपटून, वरून लोहचुंबक फिरवून मगच फळ्या रंधा मशिनीवर न्या. एक खिळा पात्याला लागला की मशिनवाला तुमच्या उरलेल्या फळ्या बाहेर काढून ठेवतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता ज्याच्यामुळे लोक सागवान समजतात ते.

आमचे मिस्त्री वयाने मोठे, घरात सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी पहिली फळी ठोकायच्या आधी सगळ्या फळ्या अंगणात पसरल्या आणि रंगावरून, गाठींवरून वेगळ्या केल्या. पिवळट एकीकडे, लालसर एकीकडे, गाठाळ फळ्या मागच्या भिंतीकडे. पॅकिंगचं लाकूड दहा ठिकाणचं असतं, एकाच तेलात प्रत्येक फळी वेगळा रंग धरते. सरमिसळ करून ठोकलं असतं तर ठिगळं दिसली असती. मग दोन्ही टोकांना दोरा ताणला आणि स्क्रूची जागा दोऱ्यावर पेन्सिलने मारली. फळ्यांमधली फट दोन सूत, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. ती डोळ्याने नाही ठेवली. त्याच जाडीचे पट्टीचे तुकडे मध्ये घालून ठेवली. मी म्हटलं, "मामा, एवढं कोण बघतंय?" ते म्हणाले, "कोन बघत न्हाई मालक, पर दिसतंय की."

आणि खरंच दिसतं. दारात उभं राहिलं की स्क्रूच्या डोक्यांच्या ओळी भिंतीपासून पायरीपर्यंत सरळ जातात. स्क्रू स्टेनलेसचे आहेत. साधे घेतले असते तर पहिल्याच पावसात प्रत्येक डोक्याखाली गंजाचा ओघळ आला असता. प्रत्येक फळीची वरची धार रंध्याच्या दोन हातांनी मारून घेतली आहे. करवतीची तीक्ष्ण धार तशीच ठेवली तर ती सोलते, कुसळं निघतात आणि लाकूड हलकं वाटतं. धार मारलेल्या कडेवर उजेड वेगळा पडतो. हे काम संथ आहे, कंत्राटदार ते स्वतःहून करणार नाही. मागावं लागतं.

कडेने चारी बाजूंनी एक आडवी फळी चौकटीसारखी फिरवली आहे, त्यामुळे फळ्यांची कापलेली टोकं कुठेच दिसत नाहीत. याला दुसरंही कारण आहे. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, जिथे शिरा उघड्या असतात. प्रत्येक टोकाला ठोकण्याआधी दोनदा तेल पाजलंय. चौकटीचे कोपरे ४५ अंशात जोडलेले फोटोत फार छान दिसतात, मलाही तेच हवे होते. मामांनी मान हलवली. "उन्हाळ्यात तोंड उघडतंय बघा ते." लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून तिरपा सांधा कोरड्या हवेत आतल्या बाजूने फाकतो. आमच्याकडे काटकोनातला साधा सांधा आहे आणि मे महिना काढूनही तो मिटलेला आहे. त्याच वेळी तयार आणलेली कुंड्यांची पेटी तिरप्या कोपऱ्यांची होती. तिच्या कोपऱ्यात आता पोस्टकार्ड जातं.

समोरची उभी पट्टी, म्हणजे जी सांगाडा झाकते ती, जमिनीपासून एक इंच वर सोडली आहे आणि मागून बारीक जाळी आहे. हवा खेळते, विंचू-उंदरांना वाव मिळत नाही. पायरी मात्र अख्ख्या १२ फुटांची केली, १४ इंच रुंद. मधोमध छोटी पायरी केली असती तर तीन फळ्या वाचल्या असत्या आणि सगळा थाट गेला असता. लांब पायरीवर लोक बसतात. खुर्च्या रिकाम्या राहतात आणि सगळे पायरीवर, हे आमच्याकडे रोजचं झालंय.

तेलाबद्दल. जवसाचं उकळलेलं तेल, टर्पेंटाइन आणि त्यात मध्यम तपकिरी रंग. व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) लावू नका. पहिले तीन महिने चकाकतं, मग उन्हाने त्याची साल निघते आणि सगळं घासून पुन्हा करावं लागतं. तेल आत मुरतं, उडालं तर वरून एक हात मारता येतो. रंग न घालता नुसतं तेल लावलं तर ऊन लाकडाला राखाडी करतं. रंगाचे कण उन्हाला अडवतात. फार गडद नको, उन्हात तेवढंच जास्त तापतं. आणि एक जपा: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. उघडी पसरून वाळवा, मग टाका.

उन्हाळ्याचा हिशेब सरळ आहे. पारा ४३-४४ वर गेला की दुपारी १२ ते ४ अनवाणी पाय ठेवता येत नाही, कुठल्याही लाकडावर. पण शेजारची शहाबादी फरशी रात्री जेवणं झाली तरी धगधगत असते आणि हा डेक ऊन उतरल्यावर थोड्याच वेळात बसण्यासारखा होतो. लाकूड दगडाएवढी उष्णता धरून ठेवत नाही. एप्रिलमध्ये गाठींतून चीक आला, पायाला चिकटायचा. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसला, जूननंतर थांबला. वर सावलीला जाळी बांधलीच तर हिरवी घेऊ नका. तिच्याखाली माणसांचे चेहरेसुद्धा हिरवे दिसतात आणि घराची रोपवाटिका होते. आम्ही वाळूच्या रंगाची, ७५ टक्के ऊन अडवणारी घेतली, भाव जवळपास तोच.

पावसाचं मला जास्त भय होतं, ते फोल ठरलं. फळ्या फुगल्या, फटी दोन सुतांच्या दीड सूत झाल्या, आता हिवाळ्यात परत उघडतायत. फटी चिकटून ठेवल्या असत्या तर फळ्या एकमेकींना उचलून बसल्या असत्या. खरा त्रास कडुनिंबाच्या पानांचा. ती फटीत अडकतात, कुजतात आणि काळी रेघ सोडतात. जुन्या हॅक्सॉ ब्लेडने काढतो.

एक तक्रार आहे जिचा उपाय अजून पुरता सापडलेला नाही. नळाला पाणी काही दिवसांनी एकदा येतं, त्यामुळे कुंड्यांना बोअरचं घालतो. त्यात क्षार फार. कुंडीखालून झिरपलेलं पाणी वाळलं की लाकडावर पांढरी वर्तुळं उमटतात. ताटल्या ठेवल्या, तरी भरून सांडतात. व्हिनेगर आणि पाणी लावून, घासून, पुन्हा तेल लावलं की फिकट होतात, जात नाहीत. आता कुंड्या डेकवरून उतरवून कडेच्या फरशीवर नेल्या आहेत. खरं सांगायचं तर त्यामुळे डेक आणखी चांगला दिसतो. मोकळी जागा फुकट असते आणि महाग दिसते. उलट तेलाच्या डागांची काळजी नको: शेंगाचटणी सांडली, पणत्यांचं तेल सांडलं, सगळं लाकडात मिसळून गेलं. रांगोळीचा रंग मात्र शिरांत बसतो, ती फरशीवरच काढा.

दिव्यांत पैसे वाया गेले ते सौरदिव्यांचे. ऑनलाइन मागवलेले खोचायचे दिवे उन्हाळ्यातच मंद झाले. आतला छोटा सेल एवढ्या उष्णतेत टिकत नाही. विकणाऱ्याने बदलून दिले नाहीत. मग पायरीच्या ओठाखाली १२ व्होल्टची पट्टी बसवली, पाण्यात टिकणारी, पिवळसर उजेडाची, ३००० केल्व्हिनची (हे उजेडाच्या रंगाचं माप). पट्टी स्वतः दिसत नाही, फक्त उजेड जमिनीवर सांडलेला दिसतो. पांढरा ६५०० चा उजेड घेतला तर पेट्रोल पंप. बसायला जुन्या चादरींच्या खोळी शिवून दोन गाद्या केल्या, सोलापुरात तेवढं तरी स्वस्त मिळायलाच हवं.

देखभाल म्हणजे रोज खराटा, आठवड्याला ओलं फडकं, आणि पाडव्याच्या आधी घासून तेलाचा एक हात. पाइपने धुवायचं तर प्रश्नच नाही, आणि धुवूही नये. दोन फळ्या भेगाळल्या आहेत, त्या उन्हाळ्याआधी बदलेन. म्हणूनच सांगतो, काम संपल्यावर उरलेल्या फळ्या जाळू नका, त्याच रंगाच्या पुन्हा मिळत नाहीत.

काहीजण गच्चीवर असाच करायचा म्हणतात. करा, पण स्लॅबला भोक पाडू नका; वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या खोलीत गळती. सांगाडा जाड रबराच्या तुकड्यांवर नुसता ठेवायचा, पाण्याच्या उताराला आडवा पाइप येऊ द्यायचा नाही, आणि पाणी जायच्या तोंडावरच्या दोन-तीन फळ्या स्क्रू काढून उचलता येतील अशा ठेवायच्या. तिथे पानं अडकणारच.