माश्यांवर सोडलेल्या गांधीलमाश्या: मार्च ते ऑक्टोबर

टेक्सासात, ऑस्टिनच्या बाहेर, आमचे दोन घोडे, चार शेळ्या आणि डझनभर कोंबड्या आहेत. त्यामुळे माश्या ओघानं आल्याच. गेल्या वर्षी तर एका हातानं शेळीची धार काढायची आणि दुसऱ्या हातानं माश्या हाकायच्या, अशी गत होती. यंदा मार्चपासून दर तीन आठवड्यांनी परोपजीवी गांधीलमाश्यांचं पाकीट मागवलं. "आहेत त्या माश्या पुरेनात का?" असं बायको म्हणाली. पण हा जीव जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, माणसाला डसत नाही.

पाकिटात भुशात मिसळलेले माशीचे तपकिरी कोश येतात, तांदळाच्या दाण्याएवढे. बहुतेकांच्या आत माशीऐवजी गांधीलमाशी वाढत असते. ती बाहेर पडली की मादी जनावरांच्या शेणातले माशीचे कोश शोधून त्यांत अंडी घालते आणि तिची अळी आतल्या माशीचा फडशा पाडते. माझ्याकडे दोन जाती आल्या. स्पॅलँजिया शेणात खाली शिरते, म्युसिडिफ्युरॅक्स वरवर हुडकते.

पहिलं पाकीट मी उकिरड्याभोवती पसरलं आणि सकाळपर्यंत कोंबड्यांनी ते साफ केलं. महागडा खुराक! तेव्हापासून कोश तबेल्याच्या खांबामागे, चोच पोचणार नाही अशा जागी ठेवतो. जूनचं पाकीट दिवसभर टपालपेटीत तापलं आणि वाया गेलं.

जुलैत मात्र चूक माझीच. वैतागून तबेल्यात पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाची फवारणी केली. सांगलीला अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते उखडलेच. उसात खोडकिड्यासाठी ते वर्षानुवर्षं ट्रायकोकार्डं टाचतात, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांची कार्डं. "अरे, आमचं कार्ड अंड्यावर काम करतं, तुझं कोशावर. पण औषध मारलंस की दोन्ही मेली. आता पहिल्यापासून सुरू कर."

काम होतंय का, हे बघायची माझी पद्धत सोपी. शेणाच्या कडेचे रिकामे कोश तळहातावर घ्यायचे. माशी निघाली असेल तर टोक टोपणासारखं उडालेलं दिसतं, गांधीलमाशी निघाली असेल तर टाचणीनं पाडल्यासारखं गोल भोक. मेमध्ये सगळी टोपणंच होती. सप्टेंबरात निम्म्याहून जास्त कोशांना भोकं होती, आणि धार काढायला दोन्ही हात मोकळे.

तरी भलत्या अपेक्षा नकोत. उन्हाळ्यात माशी आठ-दहा दिवसांत तयार होते, गांधीलमाशीला तीनेक आठवडे लागतात, म्हणून एकदा सोडून भागत नाही. लीद रोज उचलावीच लागते. घोड्यांना चावणाऱ्या मोठ्या घोडमाश्यांवर काडीचाही परिणाम नाही, त्या ओल्या चिखलात वाढतात. शेजारच्या कुरणातून उडून येणाऱ्यांचंही काही करता येत नाही.

पुढच्या वर्षीचं पहिलं पाकीट फेब्रुवारीअखेरच मागवणार, माश्या दिसायच्या आधी. कोंबड्या अजून रोज त्या खांबामागे मान घालून बघतात.