यामाहा पॅसिफिका ११२व्ही : आधी नेक, मग आवाज

इलेक्ट्रिक गिटार पाहायला दुकानात गेलात, की विक्रेता सर्वांत आधी ती अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, जोडून देतो, आणि गिऱ्हाइकाने सुरुवातीला नेमके तेच टाळावे, असे माझे मत झाले आहे. अँपवर गेन (आवाजाचा जोर) जरा वाढवला आणि वर थोडा रिव्हर्ब (घुमारा) मिसळला, की कितीही स्वस्त गिटार भारदस्त वाजू लागते, तिच्या उंच तारा आणि बोटांना टोचणाऱ्या फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, आवाजाच्या धुरळ्यात झाकल्या जातात, आणि घरी आणून शांतपणे वाजवायला बसल्यावरच आपण काय विकत घेतले ते उमगते. चौदा वर्षे ॲकूस्टिक गिटार वाजवल्यानंतर पहिली इलेक्ट्रिक घ्यायची ठरवली, तेव्हा मी गिटारसाठी ३५ हजारांची मर्यादा आखून घेतली आणि प्रत्येक गिटार पहिली दहा मिनिटे अँपशिवायच वाजवायची, असे मनाशी पक्के केले. विक्रेत्यांना हे विचित्र वाटले. एकाने तर काळजीने विचारले, “काका, केबल चालत नाही का?”

अँपशिवाय वाजवण्यामागचे कारण साधे आहे. पिकअप (तारांची थरथर टिपून अँपकडे पाठवणारे चुंबकी भाग) बदलता येतात, ब्रिज (अंगावरचा, तारा बसवलेला भाग) बदलता येतो, खुंट्या बदलता येतात. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, मात्र व्यवहारात बदलला जात नाही, आणि डावा हात सगळा वेळ त्याच्यावरच असतो. म्हणून नेकची जाडी, त्यावरच्या बोटे दाबायच्या पट्टीचा, म्हणजे फिंगरबोर्डचा, बाक आणि फ्रेटची टोके यांची परीक्षा आधी व्हायला हवी. तर्जनी नेकच्या कडेने पहिल्या फ्रेटपासून बाविसाव्या फ्रेटपर्यंत हळूच ओढत न्यावी. कुठे खरखर लागली तर ती आज किरकोळ वाटली, तरी उद्या वाढू शकते. मी नागपूरचा असल्यामुळे याबाबत जरा जास्तच सावध आहे: पावसाळ्यात मुंबईहून आणलेल्या माझ्या जुन्या ॲकूस्टिक गिटारचे लाकूड एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसले, धातूच्या फ्रेट मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि त्यांची टोके करवतीच्या दातांसारखी बाहेर आली. दोष हवेचा होता, पण कानस फिरवण्याचा खर्च माझा झाला.

तारांची उंची मोजायला मी खिशातली एटीएम कार्डे वापरतो. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असते, त्यामुळे बाराव्या फ्रेटवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेखाली दोन कार्डे सहज सरकली आणि तिसरे अडले, तर उंची दीड ते सव्वादोन मिलिमीटरच्या दरम्यान आहे असे समजावे. इलेक्ट्रिक गिटारला ती ठीक असते. एका दुकानात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, भिंतीवरून उतरवून दिलेल्या गिटारखाली चार कार्डे गेली. सेटअप करून द्याल का, असे विचारल्यावर “वाजवून वाजवून तारा बसतात” हे उत्तर मिळाले. तारा अशा बसत नसतात. नेकमधला ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी धातूची कांब) आणि ब्रिजवरचे सॅडल (ज्यांवर तारा टेकतात ते तुकडे) योग्य जागी आणावे लागतात, आणि ते काम जाणकाराने अर्ध्या-पाऊण तासात करण्यासारखे असते.

या सगळ्या चाळणीतून शेवटी पॅसिफिका ११२व्ही उरली. पॅसिफिका ही मालिका यामाहाने १९९० साली आणली. तिचा बांधा उघडच फेंडरच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरवरून घेतलेला आहे: दोन शिंगांचे अंग, २५.५ इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि स्क्रूने जोडलेला मेपलचा नेक. फरक ब्रिजपाशी आहे. तिथे सिंगल कॉइलऐवजी (तारेच्या एकाच वेटोळ्याच्या पिकअपऐवजी) दोन वेटोळ्यांचा हंबकर बसवलेला आहे, आणि टोनची कळ वर ओढली की त्या हंबकरची एक कॉइल बंद होऊन तो सिंगल कॉइलसारखा पातळ, टोकदार वाजतो. अंग आल्डर लाकडाचे आहे, पिकअपमध्ये अल्निको ५ चुंबके आहेत आणि ब्रिजवर पत्र्याच्या वाकवलेल्या सॅडलऐवजी भरीव ठोकळ्यांचे सॅडल आहेत. याच मालिकेतली स्वस्त ०१२ घेण्याचा मोह होतो, पण तिच्यात कॉइल तोडणारी ती कळ नाही आणि चुंबके सिरॅमिकची आहेत. पैशांची अगदीच ओढाताण नसेल तर ११२व्हीपर्यंत जावे.

माझ्यासाठी निर्णायक ठरला तो फिंगरबोर्डचा बाक. जुन्या फेंडर पद्धतीत तो ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच गोलसर असतो. कॉर्ड धरायला तो सुखाचा वाटतो, पण वरच्या फ्रेटवर तार लांब ओढली की ती बाकाच्या मधल्या उंचवट्यावरच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच गुदमरतो. पॅसिफिकाची त्रिज्या १३.७५ इंचांची, बरीच सपाट. मी मुख्यतः नाट्यपदे आणि अभंग वाजवतो, आणि त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेऊन जायचे तर तार दीड-दोन स्वर ओढावी लागते. ०.००९ इंचांची पहिली तार चौदाव्या फ्रेटवर दाबून मी पंचमावरून थेट कोमल निषादापर्यंत ओढत नेली. सूर शेवटपर्यंत टिकला, आणि तोही अँपशिवाय, नुसत्या तारेच्या आवाजात ऐकू आला. मी ही गिटार तिथेच पसंत केली. (यामाहाची सुरुवात १८८७ साली जपानमधल्या हमामात्सूच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त करण्यातून झाली. संगीत नाटकांच्या साथीलाही त्याच जातीचा ऑर्गन असे, हे आठवून मला उगाचच बरे वाटले.)

त्यानंतर केबल जोडली. नेककडचा पिकअप स्वच्छ आवाजात गोल आणि गाणाऱ्या गळ्याच्या जवळचा लागतो. आलापीसारखे काही वाजवायचे तर तोच. मधला पिकअप मी क्वचितच एकटा वापरतो, पण नेकच्या पिकअपबरोबर जोडला की तालासाठी हलका, टणत्कारी आवाज मिळतो. हंबकर डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) भरदार आहे, मात्र अगदी जड मेटल वाजवणाऱ्यांचे त्याने समाधान होईल असे मला वाटत नाही. त्यांनी दोन हंबकरवाली गिटार पाहावी. गिब्सनच्या लेस पॉल गिटारचा दाट, लांबणारा सूर हवा असणाऱ्यांनीही इकडे येऊ नये. तो बांधा वेगळा आणि २४.७५ इंचांची स्केलही वेगळी. एपिफोन कंपनीच्या गिटारमध्ये तो परवडणाऱ्या किमतीत मिळतो.

सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण हिच्यातही आहे, कारण ती या पिकअपच्या रचनेतच असते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही गुणगुण खर्जातली लागते, आणि घरात अर्थिंग धड नसेल तर ती तिपटीने जाणवते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, हे गिटारमधली जोडणी ठीक असल्याचे लक्षण आहे. अँप तीन पिनांच्या, खरोखर अर्थ असलेल्या सॉकेटमध्ये लावावा आणि ट्यूबलाइटपासून जरा दूर बसावे. सूर खालीवर हलवणारा ब्रिजचा दांडा मी पहिल्या दिवशीच काढून ठेवला. तो जोरात वापरल्यावर तारा सुरात परत येण्यासाठी नटच्या (नेकच्या टोकाकडच्या, तारा टेकणाऱ्या पट्टीच्या) खाचा गुळगुळीत लागतात. खाचांमध्ये पेन्सिलीचे शिसे घासले तर फरक पडतो, पण मींड बोटांनी घेणाऱ्याला त्या दांड्याची गरजच काय?

घेताना एक चाचणी मात्र चुकवू नये. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा स्वर) वाजवावा आणि लगेच तीच तार तिथेच दाबून वाजवावी. दोन्ही स्वर तंतोतंत एक नसतील तर सॅडल पुढे-मागे करायला सांगावे आणि ते होईपर्यंत पैसे देऊ नयेत. मी घेतलेल्या दुकानातल्या मुलाने ट्यूनर लावून सहाही तारा माझ्यासमोर जुळवल्या, तिसऱ्या तारेला दोनदा स्क्रू फिरवला, आणि मग स्वतःच म्हणाला, “काका, आता ऐका बरं एकदा.”