फॅटी लिव्हर आणि दोन इंजेक्शनं
दादरला आमच्या योगवर्गात कुणाचं ‘फॅटी लिव्हर’ निघालं, की प्रश्न ठरलेला: सेमाग्लुटाइड की टिर्झेपटाइड? दोन्ही वजन उतरवणारी इंजेक्शनं, आठवड्यातून एकदा घ्यायची. वजन टिर्झेपटाइडने जास्त उतरतं. पण यकृताच्या बाबतीत माझं पारडं सेमाग्लुटाइडकडे. अमेरिकेत ऑगस्ट २०२५मध्ये त्याला ‘मॅश’साठी (चरबीमुळे यकृताला सूज येते तो आजार) मंजुरी मिळाली, तीही सिरॉसिस (यकृत कायमचं निबर होणं) नसलेल्यांसाठीच. चाचणीत ७२ आठवड्यांत सुमारे ६३ टक्के रुग्णांचा यकृतदाह ओसरला, बिनऔषधी इंजेक्शनवर ३४. टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसचा आकडा ६२, पण चाचणी अवघ्या १९० जणांची.

बायकांनी विचारायलाच हवं ते वेगळंच. टिर्झेपटाइडने गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोध वापरा. बाळाचा विचार असेल, तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं.