मराठी पाककृतींसाठी एका रकान्याची थीम: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाककृतींच्या ब्लॉगसाठी दोन फुकट थीम, म्हणजे मांडणीचे तयार साचे, नजरेत भरल्या होत्या. एकीत मासिकासारखे फोटोंचे चौकोन, दुसरीत नुसता एक रकाना. डेमोत पहिलीच देखणी दिसते, यात वाद नाही. पण डेमोतला मजकूर इंग्रजी असतो आणि फोटो कुण्या कसलेल्या छायाचित्रकाराचे. म्हणून दोन्हींत एकच शीर्षक टाकून पाहिलं: 'श्रावणातली कुर्डूची भाजी आणि ज्वारीची भाकरी'.

चौकोनांच्या थीममध्ये त्याची पार रया गेली. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून तिथे लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं होतं. देवनागरीत त्याने शिरोरेखाच तुटते, अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. वर ओळी इतक्या खेटून, की 'डू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसला. फोटो नसलेल्या पोस्टला करडा चौकोन मिळतो, तो वेगळाच.

एक रकाना घेतला आणि अजून बदलावासा वाटलेला नाही. अर्थात आहे तसा चालला नाही. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता फॉन्ट घातला, तोही रेग्युलर (साधा) आणि बोल्ड (ठळक) एवढाच. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते; सगळे प्रकार घेतले की मोबाइलवर पान रेंगाळतं. अक्षर १८ पिक्सेल, ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट. इटालिक काढून टाकलं, तिरकी देवनागरी मला बघवत नाही.

खरा उपयोग स्वयंपाकघरात कळला. फोन ओट्यावर, हात पिठाचे. साहित्य आणि कृती एकाखाली एक. करंगळीने पान सरकवलं की झालं. साइडबारवाचून, म्हणजे बाजूच्या पट्टीवाचून, काही अडलं नाही. मोबाइलवर तो तसाही पानाच्या तळाशी जातो, तिथवर जातंय कोण?

पोस्टी वाढल्या तशी जुनी पाककृती सापडेना, मग मेनूत भाज्या, उपास, लोणची असे विभाग हाताने टाकावे लागले. पहिल्या पानावर थीम प्रत्येक पोस्टच्या सुरुवातीच्या ओळी उचलते, त्यामुळे 'नमस्कार मंडळी' लिहिणं बंद केलं. नाहीतर अख्खं पान नुसतं नमस्कारच करत बसतं. आमच्या काकूंना पाककृती कागदावर लागते आणि प्रिंट काढली की मेनू, शेअरची बटणं सगळंच छापून येतं. प्रिंटसाठी वेगळं सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं हे ठरवणारा कोड, लिहायला घेतलंय.